सागरेश्वर अभयारण्य पायी पाहताना : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

सागरेश्वरला पहिल्यांदा जाणारी बरीच कुटुंबे सकाळचा नाश्ता निवांत उरकून घरून निघतात, अकराच्या सुमारास फाटकाशी पोहोचतात, उन्हात तासभर चालतात आणि लांबवर उभे असलेले एखादे चितळ पाहून परततात. नंतर त्यांच्याकडून "तिथे पाहण्यासारखे फारसे काही नाही" असे ऐकले की वाईट वाटते, कारण त्यांनी पाहिलेले अभयारण्य आणि पहाटे शांतपणे चालणाऱ्याला दिसणारे अभयारण्य यांत फार मोठा फरक आहे. अवघ्या १०.८७ चौरस किलोमीटरच्या या डोंगरावर वाघ पाहायला कोणी येत नाही. येथे यायचे ते पाऊलवाटांवरून हळू चालण्यासाठी, आणि त्या चालण्याची तयारी घरूनच करावी लागते. सांगली-सातारा भागातील जे वाचक मुलांना घेऊन, मित्रांसोबत किंवा शाळेची सहल घेऊन पहिल्यांदा येथे जाणार आहेत, त्यांना ही तयारी सोपी व्हावी म्हणून हे लिहिले आहे.

१. जाण्यापूर्वी ही जागा समजून घ्या

कडेगाव, वाळवा आणि पलूस या तीन तालुक्यांच्या सीमा जेथे भेटतात, तेथे हा डोंगर आहे. सांगली जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, चांदोलीकडे, जितका पाऊस पडतो त्याच्या तुलनेत येथे फारच थोडा पडतो, कारण सह्याद्रीचा कणा मागे टाकून येईपर्यंत ढग बरेचसे रिते झालेले असतात. त्यातच चराई आणि लाकूडतोड यांमुळे हा डोंगर एके काळी जवळजवळ उघडा पडला होता. मोहित्यांचे वडगाव येथील वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी या डोंगरावर जंगल उभे राहावे म्हणून ध्यास घेतला. वन विभाग आणि परिसरातील लोक यांच्या श्रमातून येथे झाडे लागली, हरणे आणून सोडण्यात आली, तारेचे कुंपण घालण्यात आले आणि १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. हे माणसांनी उभे केलेले जंगल आहे, ही गोष्ट तेथे चालताना सतत लक्षात असू द्या.

ही माहिती इतिहासापुरती नाही, तिचा तुमच्या फेरीशी थेट संबंध आहे. डोंगरावर बारमाही ओढा किंवा नदी नाही. त्यामुळे उन्हाळ्यात प्राण्यांची सारी भिस्त पाणवठ्यांवर असते आणि त्यांच्या हालचालींचा अंदाज पाणवठ्यांवरूनच बांधता येतो. कुंपण असल्यामुळे प्राणी फार दूर जात नाहीत, पण कुंपण तुटले की हरणे खालच्या शेतांत उतरतात आणि पिकांचे नुकसान करतात. भोवतालच्या गावांतील शेतकऱ्यांनी हे नुकसान वर्षानुवर्षे सोसले आहे. त्यामुळे वाटेत कोणा शेतकऱ्याने हरणांविषयी नाराजी बोलून दाखवली, तर वाद न घालता ऐकून घ्या, कारण आपण काही तासांसाठी येतो आणि तो त्या कुंपणाशेजारी आयुष्य काढतो.

२. महिना आणि वेळ ठरवा

फेरीचे यश सर्वांत जास्त कशावर अवलंबून असेल तर ते वेळेवर. हरणे पहाटे आणि संध्याकाळी चरतात, ऊन चढले की सावलीत बसून रवंथ करतात, आणि बसलेले चितळ झुडपांच्या कवडशांत इतके मिसळून जाते की वीस पावलांवरूनही दिसत नाही. म्हणून फाटक उघडण्याच्या वेळी तुम्ही फाटकाशी हजर असणे हा या लेखातील सर्वांत महत्त्वाचा सल्ला आहे. प्रवेशाची वेळ आणि शुल्क निघण्याच्या आदल्या दिवशी वन विभागाकडून विचारून घ्या. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या जुन्या दरफलकांच्या छायाचित्रांवर विसंबून राहू नका, कारण वेळा ऋतूप्रमाणे आणि शुल्क शासनाच्या आदेशाप्रमाणे बदलते.

महिन्यांचा विचार थोडा सविस्तर करावा लागतो, कारण प्रत्येक ऋतूत एक गोष्ट हाती येते आणि दुसरी निसटते.

जुलै ते सप्टेंबर या काळात डोंगर हिरवा असतो, हवा थंड असते, मोर पिसारा फुलवून नाचतात आणि पावश्याचा आवाज दिवसभर कानावर येतो. मात्र गवत आणि झुडपे वाढल्यामुळे प्राणी कमी दिसतात. ज्यांना फुले, फुलपाखरे आणि दरीवर उतरलेले ढग पाहायचे आहेत त्यांनी हे महिने निवडावेत.

ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे महिने अनेकांना सोयीचे वाटतात, कारण दिवाळीची सुट्टी असते. या दिवसांत गवत पुरुषभर उंच आणि वाळत आलेले असते आणि त्याची कुसळे मोजे, पायजमा, अगदी बुटाच्या नाडीतही रुततात. लहान मुले या कुसळांनी रडकुंडीला येतात. या दिवसांत जाणार असाल तर जाड, गुळगुळीत कापडाची विजार घाला आणि लोकरी किंवा जाळीदार मोजे टाळा.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा नवख्या माणसासाठी सर्वांत चांगला काळ आहे. सकाळी सुखद गारवा असतो, गवत आडवे पडू लागलेले असते, पानगळीमुळे नजर लांबवर पोहोचते आणि चालण्याचा शीण होत नाही. कुटुंबासह पहिली फेरी याच महिन्यांत करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मार्च ते मे या काळात प्राणी सर्वांत जास्त दिसतात, कारण ते पाणवठ्यांकडे येतात. परंतु ऊन कडक असते आणि सकाळी नऊनंतर उघड्या उतारावर चालणे वृद्धांना व लहान मुलांना झेपत नाही. याच महिन्यांत वणव्याचा धोका सर्वाधिक असतो. डोंगरउतारावर गवत काढून किंवा जाळून मोकळे केलेले लांब पट्टे दिसले तर ते निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान समजू नका. आग पसरू नये म्हणून वन विभाग हिवाळ्यातच या जाळरेषा काढून ठेवतो.

३. मार्ग निश्चित करा

साताऱ्याहून येणाऱ्यांनी महामार्गाने कराडपर्यंत यावे. तेथून सागरेश्वर सुमारे ३० किलोमीटरवर आहे. शेणोली, ताकारी या बाजूने आल्यास सागरेश्वरचा घाट चढून देवराष्ट्रे गाठता येते. सांगलीकडून येणाऱ्यांना पलूस-कुंडलच्या बाजूने किंवा इस्लामपूर-ताकारी मार्गाने येता येते.

रेल्वेने यायचे असल्यास पुणे-मिरज मार्गावरील ताकारी हे स्थानक सर्वांत जवळचे आहे, पण तेथे मोजक्याच गाड्या थांबतात. जलद गाड्यांपैकी काही किर्लोस्करवाडीला थांबतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी दोन्ही स्थानकांचे थांबे पाहून घ्यावेत. स्थानकावरून पुढे रिक्षा किंवा एसटी मिळते, मात्र पहाटेच्या वेळी त्यांच्या भरवशावर राहिलात तर फाटक उघडण्याची वेळ हुकते. रेल्वेने येणाऱ्यांनी संध्याकाळची फेरी धरावी किंवा आदल्या रात्री कराड, पलूस अथवा विटा येथे मुक्काम करावा. परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ उतरतानाच वाहकाला विचारून ठेवा. ही साधी गोष्ट विसरल्यामुळे अनेकांना अंधारात घाटाच्या तोंडाशी ताटकळावे लागते.

४. कागदपत्रे आणि सामान

कागदपत्रे फार लागत नाहीत, परंतु जी लागतात ती हाताशी ठेवावीत.

– गटातील किमान एका प्रौढ व्यक्तीचे छायाचित्र असलेले ओळखपत्र.
– शाळा-महाविद्यालयाची सहल असल्यास संस्थेच्या शीर्षपत्रावरील पत्र, विद्यार्थ्यांची यादी आणि सोबतच्या शिक्षकांची नावे. मोठ्या गटाने येणार असल्यास वन विभागाला आधी लेखी कळवावे, म्हणजे सोबत वनमजूर किंवा वाटाड्या मिळण्याची सोय होते.
– सुटे पैसे. डोंगरात मोबाइलची रेंज कधी असते, कधी नसते, आणि क्यूआर कोडवर सर्व भिस्त ठेवणे शहाणपणाचे नाही.
– कॅमेरा असल्यास त्याचे वेगळे शुल्क असू शकते. त्याची पावती फेरी संपेपर्यंत जपावी.

ड्रोन आणू नका. अभयारण्यात तो परवानगीशिवाय उडवता येत नाही आणि त्याच्या आवाजाने कळप सैरावैरा धावत थेट कुंपणावर जाऊन आदळतात.

सामानात पहिला मान पाण्याचा. माणशी किमान दोन लिटर पाणी घरून भरून न्या, उन्हाळ्यात त्याहून अधिक. वाटेवर पाणी मिळेल असे गृहीत धरू नका आणि प्राण्यांच्या पाणवठ्यात हातपाय धुऊ नका. पायात पकड असलेले बूट हवेत, कारण उतारावर बारीक खडी आहे आणि चपलेचा पाय सटकतो. कपडे मातकट, करडे किंवा फिकट हिरवे असावेत. पांढरा शुभ्र सदरा लांबून सर्वांत आधी नजरेत भरतो. टोपी, एक लहान टॉर्च, पट्टी आणि जंतुनाशक, आणि साखर-मीठ-पाण्याची पाकिटे पिशवीत असू द्या. दुर्बीण असेल तर ८ × ४२ या मापाची पुरेशी आहे. यातील ८ हा आकडा वस्तू किती पट मोठी दिसेल ते सांगतो आणि ४२ हा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास असतो. याहून जास्त पटीची दुर्बीण हातात स्थिर राहत नाही, त्यामुळे नवख्याला तिचा उपयोग होण्याऐवजी त्रासच अधिक होतो.

अत्तर, सुवासिक तेल आणि सेंट या दिवशी वर्ज्य समजावेत. याची दोन कारणे आहेत : हरणांना वास फार लवकर येतो, आणि आग्या मोहोळाच्या माश्या उग्र वासाने चवताळतात.

५. फाटकाशी काय विचारावे

पावती घेतल्यावर लगेच पुढे न जाता तेथील वनरक्षकाला चार प्रश्न विचारा : आज कोणती वाट खुली आहे, वाहन कोठपर्यंत नेता येते, कोणत्या पाणवठ्यावर सध्या पाणी आहे, आणि मोहोळ किंवा अन्य कारणाने कोणता भाग टाळावा. दररोज त्या डोंगरावर फिरणाऱ्या माणसाचे दोन शब्द छापील नकाशापेक्षा मोलाचे असतात. परत येण्याची वेळही त्यांना सांगून ठेवा, म्हणजे उशीर झाल्यास कोणाचे तरी लक्ष राहते.

वाहनाला परवानगी असली तरी शक्य तितके अंतर पायीच चाला. इंजिनचा आवाज ऐकून हरणे रस्त्यापासून दूर सरकतात आणि वाहन निघून गेल्यावरही बराच वेळ बिथरलेली राहतात. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांना गाडीने नेऊन एखाद्या सावलीच्या जागी बसवले आणि बाकीच्यांनी चालत जाऊन परत तेथेच भेटले, तर कोणाचाच विरस होत नाही.

६. वाटेवर कसे चालावे

चार ते सहा जणांहून मोठा गट असेल तर त्याचे भाग करा आणि दोन गटांत दहा-पंधरा मिनिटांचे अंतर ठेवा. प्रत्येक गटात एक प्रौढ पुढे आणि एक मागे असावा, मुले मध्ये असावीत. कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर वाढलेला आहे, त्यामुळे मुलांना वाटेवर एकट्याने पुढे पळू देऊ नये. घाबरण्याचे कारण नाही, पण हा नियम पाळायलाच हवा.

चालण्याची पद्धत अशी ठेवा की शंभर-एक पावले चालायचे, मग दोन मिनिटे अगदी स्तब्ध उभे राहायचे. हरणाला स्थिर उभा माणूस चटकन ओळखता येत नाही, हलणारा हात मात्र लगेच दिसतो. म्हणून काही दिसले की बोट दाखवू नका. शेजाऱ्याला हलक्या आवाजात "डावीकडे, पळसाच्या बुंध्याजवळ" असे सांगा. वाळक्या पानांवर पाय टाकताना टाच आधी अलगद टेकवून मग भार टाकल्यास आवाज कमी होतो. वाऱ्याची दिशा पाहण्यासाठी चिमूटभर माती वरून सोडून द्या. धूळ तुमच्याकडून पुढच्या झाडीकडे जात असेल तर तुमचा वास तुमच्या आधी तेथे पोहोचलेला असतो. अशा वेळी शक्य असल्यास दुसरी वाट धरावी, म्हणजे वारा समोरून येईल.

आखलेली पाऊलवाट सोडून आडव्या वाटेने उतार कापू नका. या डोंगरावर मातीचा थर पातळ आहे, आणि एकाने पाडलेल्या आडवाटेवरून दुसरे दहा जण गेले की पहिल्या पावसात तेथे घळ पडते. ज्या डोंगरावर एकेक रोप पाणी घालून जगवावे लागले, तेथे ही माती वाहून जाताना पाहणे फार क्लेशदायक असते.

चालताना नजर खाली ठेवण्याचीही सवय करा, कारण प्राणी दिसला नाही तरी त्याची खूण दिसते. धुळीत टोकाशी निमुळते दोन खूर उमटलेले असतील तर ते हरणाचे आहेत. मोठे आणि खोल असतील तर बहुधा सांबराचे. मोकळ्या माळावर एकाच जागी लेंड्यांचा ढीग दिसला तर तेथे काळविटाचा नर आपली हद्द राखतो आहे असे समजावे, कारण तो वारंवार त्याच जागी येऊन लेंड्या टाकतो. पांढरट, वाळून खडूसारखी झालेली विष्ठा तरसाची असते. तो हाडे चावून खातो, त्यामुळे तिच्यात चुन्याचे प्रमाण जास्त असते. काट्याचे पोकळ, काळे-पांढरे पट्टे असलेले तुकडे साळिंदराचे. मुलांना या खुणा शोधायला लावल्या तर ती आपोआप शांत चालू लागतात, हा अनुभव मी प्रत्येक वेळी घेतला आहे.

७. कोणता प्राणी कोणता

नवखे लोक येथील सर्व खूरवाल्या प्राण्यांना "हरीण" म्हणून मोकळे होतात. थोडे निरीक्षण केल्यास त्यांतील फरक सहज कळतो आणि फेरीची गोडी वाढते.

चितळाच्या तांबूस अंगावर पांढरे ठिपके असतात आणि ते आयुष्यभर राहतात. ते कळपाने राहते, उजेडात चरते आणि पहिल्या फेरीत तेच दिसण्याची शक्यता सर्वांत अधिक असते. शिंगे फक्त नराला असतात.

सांबर हे भारतातील सर्वांत मोठे हरीण. रंग गडद तपकिरी, मान नराची केसाळ, वस्ती दाट झाडीत आणि ओलाव्याजवळ. ते मुख्यतः रात्री फिरते, त्यामुळे भल्या पहाटे किंवा अगदी तिन्हीसांजेलाच दृष्टीस पडते. धोका जाणवला की ते पुढचा पाय जमिनीवर आपटते आणि भोंग्यासारखा एकच मोठा आवाज काढते.

काळवीट शास्त्रीय दृष्ट्या हरीण नाही, ते कुरंगवर्गातील आहे. हरणाची शिंगे भरीव हाडाची असतात, दरवर्षी गळून पडतात आणि मखमली कातडे पांघरून पुन्हा उगवतात. काळविटाची शिंगे मात्र आतून पोकळ, पिळदार आणि कायमची असतात. प्रौढ नर वरून काळसर आणि पोटाखाली पांढरा, तर मादी फिकट बदामी रंगाची आणि सहसा बिनशिंगांची असते. त्याला दाट झाडी आवडत नाही, म्हणून ते मोकळ्या गवताळ भागात शोधावे.

भेकर लहानखुरे आणि एकटे राहणारे असते. झाडीतून कुत्रा भुंकल्यासारखा आवाज आला आणि आसपास वस्ती नसेल, तर ते भेकर असण्याची शक्यता धरावी.

येथे एक कायद्याची गोष्ट सांगणे आवश्यक आहे. वाटेवर गळून पडलेले शिंग सापडले तर ते उचलून घरी नेऊ नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये ते सरकारी मालमत्ता ठरते आणि ते बाळगणे हा गुन्हा आहे. "जमिनीवर पडलेलेच तर होते" हा खुलासा चालत नाही. मुलांना मोराचे पीस हवे असते, तेही तेथेच राहू द्यावे. शिंगांचे सार्थक त्याच रानात होते, कारण साळिंदरे आणि उंदीर ती कुरतडून त्यातील चुना मिळवतात.

पक्ष्यांसाठी वेगळी यातायात करावी लागत नाही. नाचण, कोतवाल, वेडा राघू, सातभाई, तांबट, होला, खाटीक आणि डोंगरकड्यावर घिरट्या घालणारे शिक्रा व कापशी घार यांच्यासाठी पाणवठ्यापासून काही अंतरावर अर्धा तास बसून राहणे पुरेसे आहे. पाणवठ्याच्या अगदी काठाशी बसू नका. तुम्ही तेथे बसलात तर तहानलेली जनावरे झाडीतच थांबून राहतात.

८. महानगुंडची चढण

महानगुंड हा अभयारण्यातील सर्वांत उंच भाग. चढण लांब आहे पण अवघड नाही, आणि सवय नसलेल्यांनाही थांबत थांबत ती पार करता येते. वर पोहोचल्यावर एका बाजूला वळणे घेत जाणारी कृष्णा, तिच्या काठचा उसाचा हिरवा पट्टा आणि पलूसकडील द्राक्षबागा दिसतात, आणि कोरडा डोंगर व ओला काठ एकमेकांच्या किती जवळ आहेत हे एका नजरेत कळते. सकाळी आधी पाणवठे आणि झाडीतील वाटा कराव्यात, मग ऊन कोवळे आहे तोवर चढावे आणि दहापर्यंत उतरायला लागावे. उलट क्रम ठेवला तर प्राणी दिसण्याची वेळ चढण्यातच निघून जाते. कड्याच्या टोकाशी उभे राहून स्वतःचे छायाचित्र काढण्याचा मोह टाळा, कारण तेथील मुरूम ठिसूळ असतो.

९. धोके आणि त्यांवरचे उपाय

आग्या मोहोळ हा येथील सर्वांत गंभीर धोका आहे, आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. कडा किंवा उंच झाड दिसले की आधी वर पाहा. मोठे काळसर पोळे लोंबत असेल तर आवाज न करता मागे फिरा. धूर, दगड, आरडाओरडा आणि उग्र वास यांमुळे माश्या उठतात. त्या उठल्याच तर हात हलवत उभे न राहता चेहरा कापडाने झाकून सरळ दूर पळावे आणि बंद जागेत किंवा गाडीत शिरावे. अनेक डंख झाल्यास, किंवा एका डंखानेही श्वास लागल्यास, वेळ न घालवता १०८ क्रमांकाला बोलवावे.

नाग, घोणस, मण्यार आणि फुरसे हे चारही विषारी साप अशा कोरड्या मुलखात असू शकतात. दगडांच्या कपारीत हात घालू नका, दगड उलटून पाहू नका आणि अंधारात टॉर्चशिवाय पाऊल टाकू नका. दंश झाल्यास जखम कापणे, चोखणे किंवा करकचून दोरी बांधणे यांपैकी काहीही करू नये. अंगठ्या-कडे काढून घ्यावे, तो अवयव हलणार नाही असा आधार द्यावा, रुग्णाला चालवू नये आणि प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

आगीविषयी एकच नियम आहे : काडीपेटी आणि विडी-सिगारेट फाटकाच्या आत न्यायचीच नाही. चूल मांडून मटण शिजवण्याचा बेत करणारे गट अजूनही भेटतात. त्यांनी तो बेत आपल्या शेतावर करावा.

खाण्याचे पदार्थ भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, दशम्या असे कोरडे आणि डब्यातले आणावेत. वेफर्सची पाकिटे आणू नका, कारण मिठाच्या वासाने हरणे आणि माकडे ती चघळतात आणि पोटात गेलेले प्लास्टिक बाहेर पडत नाही. कोणत्याही प्राण्याला काहीही भरवू नका. एकदा माणसाच्या हातून खायची सवय लागलेले चितळ पुढे कुत्र्यांच्या आणि शिकाऱ्यांच्या तावडीत सहज सापडते.

१०. देऊळ आणि देवराष्ट्रे

सागरेश्वरचे देवस्थान आणि अभयारण्य एकमेकांना लागून असले तरी वेगवेगळे आहेत. लहान-मोठ्या अनेक जुन्या देवळांचा हा समूह आहे आणि मुख्य देऊळ महादेवाचे आहे. श्रावणातल्या सोमवारी येथे भाविकांची मोठी गर्दी होते, वाहने दूरवर थांबतात आणि रस्ते भरून जातात. त्या दिवशी दर्शनालाच यावे, रानात फिरण्यासाठी दुसरा वार निवडावा. अन्य दिवशी सकाळची फेरी आटोपून देवळाच्या गार सावलीत जेवण करणे आणि उन्हाची वेळ तेथे काढणे सोयीचे पडते. पायथ्याचे देवराष्ट्रे हे महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव आहे. १२ मार्च १९१३ रोजी त्यांचा जन्म येथे झाला. मुलांना घेऊन आला असाल तर त्यांचे जन्मघर अवश्य दाखवा.

११. परत निघताना

फाटकातून बाहेर पडण्यापूर्वी गटातील माणसे मोजा आणि कचरा असलेली पिशवी आपल्याजवळच आहे याची खात्री करा. तो कचरा गावातील उकिरड्यावर न टाकता शहरापर्यंत न्यावा. फेरीत कुंपणाची तार तुटलेली, पाणवठा कोरडा पडलेला किंवा एखादे जनावर जखमी दिसले असेल तर जागेची खूण सांगून ते फाटकावरील कर्मचाऱ्यांना कळवा. तेथे कोणी भेटले नाही तर वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवता येते. जखमी हरणाला उचलण्याचा, पाणी पाजण्याचा किंवा गाडीत घालून नेण्याचा प्रयत्न करू नका. माणसाच्या स्पर्शाच्या भीतीनेच हरणाचे हृदय बंद पडू शकते, म्हणून दूर उभे राहून कुत्र्यांना मात्र जवळ येऊ देऊ नये.

संध्याकाळची फेरी केली असेल तर घाट उतरताना वेग कमी ठेवा. कुंपणाबाहेर पडलेली चितळे याच वेळी शेताकडे जाण्यासाठी रस्ता ओलांडतात. एक चितळ पळत गेले की त्यामागे आणखी असतातच, म्हणून पहिले ओलांडून गेल्यावर लगेच गाडी पुढे काढू नये. समोर कळप आला तर हॉर्न वाजवू नका, प्रखर दिवा मंद करा आणि शेवटचे पाडस रस्ता ओलांडेपर्यंत थांबा.